मस्टरवरचा खाडा : लहान उद्योगातील आजारपण आणि रजा

खाडा हा शब्द महाराष्ट्रातल्या वर्कशॉपमध्ये, यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि दुकानाच्या गल्ल्यावर रोज ऐकू येतो. कामावर न येणे आणि त्या दिवसाचा पगार बुडणे, हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. हजेरीच्या मस्टरवर खाड्याची लाल फुली पडते. तापाने अंथरूण धरलेला हेल्पर, लेकराला दवाखान्यात घेऊन गेलेली पॅकिंगमधली बाई, शिमग्यासाठी कोकणात गेलेला फिटर आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी दारू पिऊन घरी पडलेला गडी, या चौघांच्या नावापुढे तीच फुली असते. महिनाअखेरीस फुल्या मोजल्या जातात आणि पगार कापला जातो. फुलीमागचे कारण कोणी लिहून ठेवलेले नसते. त्यामुळे वर्षभराने मस्टर उघडले तरी आजारपणाने किती दिवस गेले, कोणाचे गेले आणि कोणत्या महिन्यात गेले, यातले काहीच सांगता येत नाही. लहान उद्योगात आजारपणाच्या रजेचे नियोजन कच्चे राहते त्याचे मूळ या एकसारख्या फुलीत आहे.

मोठ्या उद्योगांनी गैरहजेरीवर आपले उपाय फार पूर्वी शोधले. मुंबईच्या कापड गिरण्यांत बदली कामगारांची पद्धत होती. बदलीचा पास असलेली माणसे रोज पाळीच्या वेळी गेटवर येऊन उभी राहत आणि साचेखात्यात कायम कामगाराचा खाडा पडला की त्याच्या साच्यावर बदलीवाला लागे. या पद्धतीने असंख्य माणसांना वर्षानुवर्षे आज काम आहे की नाही या घोरात ठेवले. ते दुःख मोठे होते. गिरणीच्या दृष्टीने मात्र साचा थांबत नसे.

लहान कारखान्याच्या दारात बदलीवाला उभा नसतो. भोसरीत किंवा नाशिकच्या अंबडमध्ये जॉबवर्क करणारा चौदा माणसांचा कारखाना घेतला, तर एक खाडा म्हणजे कागदावर सात टक्के मनुष्यबळ. प्रत्यक्षातला फटका या टक्केवारीत बसत नाही. व्हीएमसी मशीनवर सेटिंग करणारा माणूस एकच असतो आणि तोच डेंग्यूने आडवा होतो. मशीन उभे राहते, तिथून ड्रिलिंगला जाणारा माल अडतो आणि शुक्रवारी गाडी भरायची असते. कोणत्या जॉबला कोणते टूल आणि किती ऑफसेट, हे त्याच्या खिशातल्या छोट्या डायरीत पेन्सिलने लिहिलेले असते आणि ती डायरी त्याच्याबरोबर घरी गेलेली असते. पॅकिंगमधले दोघे आले नाहीत तर बाकीचे तासभर जास्त थांबून काम उरकतात; सेटर आला नाही तर अख्खा कारखाना त्याची वाट पाहतो. म्हणून लहान उद्योगात खाडे किती पडले यापेक्षा ते कोणाचे पडले हे आधी पाहावे लागते.

यावर बहुतेक ठिकाणी पहिला उपाय होतो तो खाडा महाग करण्याचा. महिन्यात एकही खाडा नसेल तर हजार रुपये हजेरी भत्ता, एक जरी पडला तरी भत्ता संपला, अशी ती पद्धत. वरवर ती सरळ दिसते, पण तिचा परिणाम दोन्ही टोकांना उलटा होतो. चार तारखेला ज्याला ताप आला त्याचा भत्ता चार तारखेलाच गेला. महिन्याचे उरलेले दिवस त्याला बांधून ठेवणारे काही राहत नाही. ज्याला अठ्ठावीस तारखेला ताप आला तो मात्र हजार रुपये वाचवायला गोळी घेऊन कामावर येतो. मराठीत याला नेमका शब्दप्रयोग आहे: दुखणे अंगावर काढणे. कष्टकरी घरांत तो जवळजवळ गुणासारखा सांगितला जातो. कारखान्यात तो धोका असतो. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी गुंगी येते, आणि पॉवर प्रेसवर गुंगीत बसलेल्या माणसाचा हात डायमध्ये जायला क्षणही पुरतो. साथीच्या दिवसांत तर एकाने अंगावर काढलेले दुखणे सगळ्यांच्या अंगावर येते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा चार दिवस घरी बसायला हवे असलेला माणूस चष्मा लावून कामावर आला की तेच स्पॅनर, तोच बायोमेट्रिक हजेरीचा काचेचा तुकडा आणि तोच पाण्याचा ग्लास सगळ्यांच्या हाताला लागत होता. एक खाडा वाचवला आणि पुढच्या आठवड्यात चार पडले, असा तो व्यवहार असतो. भत्ता ठेवायचाच असेल तर तो टप्प्याटप्प्याने कमी होणारा असावा आणि डॉक्टरच्या दाखल्यावरचा आजारपणाचा दिवस त्यात धरू नये. एवढ्या बदलाने त्यातला बराचसा दोष निघून जातो.

कायद्याने आजारी कामगाराला काय मिळते, याबद्दल मालक आणि कामगार दोघांच्याही मनात गोंधळ असतो. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणाची म्हणून वेगळी रजा नाही. त्यात वर्षाला आठ दिवस भरपगारी किरकोळ रजा आहे आणि ती वर्षात न वापरल्यास संपते. शिवाय वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा आहे आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही वीस दिवसांमागे एक दिवस हेच सूत्र होते. व्यवसाय सुरक्षेच्या २०२० च्या संहितेने त्यासाठीची २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आणली. कारखाने अधिनियमातली एक तरतूद मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. अर्जित रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागे, पण रजा आजारपणासाठी हवी असेल तर अर्ज वेळेत आला नाही तरी ती नाकारता येत नसे. आजार तारीख सांगून येत नाही, हे कायद्याने फार पूर्वीच ओळखले होते. ‘आधी अर्ज का दिला नाही’ हा प्रश्न आजही वर्कशॉपच्या केबिनमध्ये तापातून उठलेल्या माणसाला विचारला जातो.

या रजा तुटपुंज्या आहेत. आजारपणातला खरा आधार कर्मचारी राज्य विमा योजनेचा, म्हणजे सगळे जिला ईएसआय म्हणतात तिचा आहे. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये सरकारला सादर केला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिच्यात दहा किंवा अधिक माणसांची अट आहे.

योजनेचा हिशेब प्रत्येक लहान मालकाला तोंडपाठ असायला हवा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार योजनेत येतो. जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के आहे. १८,००० रुपये पगारावर मालकाचे ५८५ आणि कामगाराचे १३५ रुपये भरले जातात. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. शिवाय आजारपणात कामावर येता आले नाही तर सरासरी दैनिक पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. दिवसाचा पगार ६०० रुपये धरला तर ४२० रुपये. प्रत्येक आजारपणाचे पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे असतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. पहिले आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत माणूस पुन्हा पडला, तर ही प्रतीक्षा पुन्हा धरली जात नाही. दहा दिवसांच्या टायफॉइडमध्ये आठ दिवसांचे ३,३६० रुपये त्याच्या खात्यात येतात. क्षयासारख्या दीर्घ आजारात, विम्याखाली सलग दोन वर्षे काढलेल्या कामगाराला ८० टक्के दराने हा लाभ दोन वर्षांपर्यंत वाढवून मिळू शकतो.

पण योजनेच्या काही गाठी अशा आहेत की त्या माहीत नसल्या की हातातला लाभ जातो. लाभासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. एप्रिल ते सप्टेंबरमधल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला लाभ ठरतो, ऑक्टोबर ते मार्चवर जुलै ते डिसेंबरमधला. म्हणजे नव्याने लागलेल्या माणसाला उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात, पण आजारपणाचे पैसे मिळायला साधारण नऊ महिने जावे लागतात. वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. ती तुंबली की फटका त्या आठवड्यात तापाने पडलेल्या कामगाराला बसतो, आणि आपला दावा का अडला हे त्याला कोणी सांगत नाही. ज्या दिवसाचा पगार किंवा पगारी रजा मिळाली त्या दिवसाचा ईएसआयचा लाभ मिळत नाही. म्हणून आजारी माणसाची अर्जित रजा परस्पर मांडून टाकण्याआधी त्याला विचारणे आवश्यक आहे. नऊ दिवसांची साठवलेली रजा संपवण्यापेक्षा दाखला घेऊन ती राखून ठेवणे त्याला सोयीचे असू शकते.

सर्वांत अवघड गाठ गावाची आहे. लाभ घेणाऱ्याने ईएसआयच्या डॉक्टरच्या उपचाराखाली राहायचे असते आणि परवानगीशिवाय ते क्षेत्र सोडायचे नसते. पुण्यात खोलीवर पाच जणांत राहणारा बीडचा किंवा बिहारचा मुलगा आजारी पडला की त्याला भात शिजवून घालणारे कोणी नसते, म्हणून तो गावी जातो. तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन पंधरा दिवसांनी परत येतो आणि त्याचे पैसे अडतात. तो गाडीत बसण्याआधी कारखान्यातून कोणीतरी त्याला दवाखान्यात नेऊन पहिला दाखला घेतला आणि बाहेरगावी जाण्याची परवानगी मागायला सांगितले, तर हे टळते. दाखल्यांचाही क्रम असतो: पहिला, मधले आणि शेवटचा. शेवटच्या दाखल्यावर माणूस कोणत्या तारखेपासून कामाला योग्य आहे हे लिहिलेले असते. तो पाहिल्याशिवाय मशीनवर उभे करू नये, ही शिस्त कामगाराच्याच हिताची आहे.

आपल्यापेक्षा वेगळी वाट जर्मनीने घेतली. तिथे आजारी कामगाराचा पगार पहिले सहा आठवडे मालकानेच द्यायचा असतो. पण तीसपर्यंत माणसे असलेल्या मालकांकडून वर्गणी घेऊन त्यांना त्या खर्चाचा मोठा हिस्सा परत देणारी व्यवस्थाही तिथे आहे. लहान मालक एकट्याने हा भार पेलू शकत नाही, तो अनेकांत वाटावा लागतो, हे दोन्ही देशांच्या व्यवस्थांनी मान्य केले आहे.

दहापेक्षा कमी माणसे असलेले कारखाने, गॅरेज, बेकऱ्या, शिवणकामाची युनिट बहुधा ईएसआयच्या छताबाहेर राहतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हॉस्पिटलमधल्या उपचारांचा खर्च उचलते, बुडालेला पगार नाही. इथे मालकाने स्वतः ठरवायचे असते आणि आकडे वाटतात तेवढे भीतिदायक नाहीत. सात माणसे, प्रत्येकाचा पगार १५,००० आणि दिवसाचे ५०० रुपये धरले, तर प्रत्येकाला वर्षाला सात दिवस भरपगारी आजारपणाची रजा देण्याचा जास्तीत जास्त खर्च २४,५०० रुपये होतो. वर्षाच्या १२,६०,००० रुपयांच्या पगारबिलात तो दोन टक्क्यांहून कमी आहे. एक अनुभवी माणूस सोडून गेला आणि नवा शिकवून तयार करायचा म्हटले, तर रद्द झालेल्या मालाचा खर्चच याच्या पुढे जाऊ शकतो.

यानंतर नोंद. लाल फुलीच्या जागी चार-पाच खुणा पुरतात: स्वतःचे आजारपण, कामावरची इजा, घरच्यांचे आजारपण, आधी सांगितलेली रजा आणि न सांगता पडलेला खाडा. गणपती, शिमगा, लग्नसराई आणि पेरणीच्या दिवसांतली गैरहजेरी आधीच माहीत असते. ती वर्षाच्या सुरुवातीला वेगळी काढली की उरलेला आकडा खरे बोलू लागतो. घरच्यांच्या आजारपणाला स्वतंत्र खूण हवीच. ती नसेल तर मुलाला गोवर झालेली आई स्वतःलाच ताप आल्याचे सांगते, आणि ते खोटे तिच्यावर लादलेले असते.

वर्षाअखेरीस या नोंदी आकड्यांत मांडण्यासाठी काही कंपन्या ब्रॅडफर्ड फॅक्टर वापरतात. वर्षात किती वेळा गैरहजेरी झाली त्या संख्येचा वर्ग करून त्याला एकूण दिवसांनी गुणायचे. एकदाच सलग दहा दिवस न येणाऱ्याचे दहा गुण होतात, एकेक दिवस करून दहा वेळा न येणाऱ्याचे हजार. तुटक खाड्यांनी काम जास्त बिघडते, हा त्यामागचा विचार खोटा नाही. पण चौदा माणसांच्या कारखान्यात हे सूत्र शिक्षेसाठी वापरणे घातक आहे. अर्धशिशीचा, दम्याचा किंवा विदर्भातल्या अनेक घरांत असलेल्या सिकलसेलचा त्रास असाच तुटक येतो, आणि सूत्राला तो दांडीसारखाच दिसतो. एवढ्याशा कारखान्यात माणसाशी बोलून पाच मिनिटांत जे कळते, ते गुणाकाराने कळत नाही.

नोंदीचा खरा उपयोग वेगळा आहे. खुणा विभागवार मांडल्या की आजाराचे कारण कारखान्यातच आहे का, हे दिसू लागते. कोल्हापूरच्या फौंड्रीत फेटलिंगला उभे राहणाऱ्या तिघांचेच खाडे खोकल्याने पडत असतील, तर ते साधे आजारपण म्हणून सोडता येत नाही. वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा कायद्याने मान्य केलेला व्यवसायजन्य रोग आहे, तसाच कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिसही. असा रोग कामावरची इजा मानला जातो आणि त्यात ईएसआयचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ७० ऐवजी ९० टक्के मिळतो. लेथवर काम करणाऱ्यांच्या हातांना वारंवार खाज सुटत असेल तर कूलंट बदलून किती दिवस झाले ते पाहावे. पावसाळ्यात सगळ्यांचीच पोटे बिघडत असतील तर पिण्याच्या पाण्याची टाकी उघडून पाहावी. फुली एकच असते तेव्हा यातले काहीच दिसत नाही.

कळवण्याचा नियम एका वाक्यात मावणारा असावा: पाळी सुरू होण्याआधी, ठरलेल्या एका माणसाला, फोनवर. तापात बोलता येत नसेल तर घरचे किंवा खोलीवरचा जोडीदार सांगू शकतो. कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजाराचे नाव लिहायला लावू नये. क्षय, मूळव्याध, पाळीचा त्रास, मनाचा आजार हे पंधरा जणांच्या मोबाइलवर गेले की पुढच्या वेळी माणूस खरे कारण सांगत नाही. कामावर परतल्यावर मालकाने किंवा सुपरवायझरने बाजूला घेऊन विचारपूस करावी: आता बरे आहे का, औषध चालू आहे का, वजन उचलता येईल का, दवाखान्यात पुन्हा कधी जायचे आहे. ही विचारपूस प्रत्येकाची, प्रत्येक वेळी व्हावी. फक्त संशयितांची झाली तर ती चौकशी होते. दारूमुळे सोमवारचे खाडे पाडणारा माणूसही पुष्कळदा अशाच बोलण्यात सापडतो, आणि तेव्हा त्याला घरच्यांच्या मदतीने उपचाराकडे वळवता येते.

कामाची सोय माणूस आजारी पडण्याआधी लावावी लागते. प्रत्येक महत्त्वाच्या कामाला दुसरा जाणता हात हवा. सेटरच्या हाताखाली आठवड्यातून दोन तास एक ऑपरेटर उभा राहिला तर सहा महिन्यांत तो नेहमीचे जॉब लावू शकतो. डायरीतले ऑफसेट जॉबकार्डावर उतरवून घ्यावेत, आणि शिकवणाऱ्याला त्याचा भत्ता द्यावा. आपले कसब दुसऱ्याला दिले की आपली किंमत कमी होईल, ही त्याची भीती रास्त आहे. तिला उत्तर दिल्याशिवाय डायरी उघडत नाही.

दीर्घ आजारात मालकाची खरी परीक्षा होते. महिना-दीड महिना झाला की ‘नाव कमी करून टाका’ असा सल्ला मिळू लागतो. तो कायद्यातही टिकत नाही. १९४८ च्या राज्य विमा कायद्याच्या कलम ७३ ने आजारपणाचा लाभ किंवा दाखल्यावरचे उपचार चालू असताना कामगाराला काढण्यास किंवा शिक्षा करण्यास मनाई केली. आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपते, अशा नियमाच्या आधारे बाजू न ऐकता काढून टाकणे अन्यायाचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले. २०१२ मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की रजेशिवायची प्रत्येक गैरहजेरी बुद्धिपुरस्सर असतेच असे नाही. आजारपणासारख्या नाइलाजाने ती घडू शकते.

क्षयाचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो, पण औषधे नियमित घेणारा बहुतेक रुग्ण काही आठवड्यांतच इतरांना संसर्ग देण्याच्या अवस्थेतून बाहेर येतो. डॉक्टरने तसे लिहून दिले की तो कामावर येऊ शकतो. सुरुवातीला अर्धी पाळी, धूळ नसलेल्या जागी, बसून करायचे तपासणीचे काम, आणि गोळ्यांच्या वेळेला दहा मिनिटांची सुट्टी, एवढे त्याला पुरते. त्याचा चहाचा कप वेगळा ठेवण्याची काहीही गरज नसते, आणि हे मालकाने सर्वांसमोर स्वतः त्याच्याबरोबर चहा घेऊन दाखवलेले चांगले.

काही माणसे परत येऊ शकत नाहीत. सततच्या आजारपणामुळे सेवा संपवण्याची वाट १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही मोकळी होती. पण त्याआधी वैद्यकीय मत घेणे, हलके काम देता येते का ते पाहणे आणि माणसाचे म्हणणे ऐकणे आवश्यक असते. अपंगत्वामुळे नोकरी संपली तर ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांच्या सेवेची अट लागत नाही, हे अनेक मालकांना आणि बहुतेक कामगारांना माहीत नसते. ग्रॅच्युइटी, शिल्लक अर्जित रजेचा पगार, प्रॉव्हिडंट फंड असल्यास त्याचे कागद, ईएसआयचा विमा क्रमांक आणि सेवेचा दाखला हे सर्व एका पाकिटात घालून त्याच्या घरी पोचवावे. चार वेळा गेटवर येण्याइतकी ताकद त्याच्या अंगात नसते.